तिच्या अहवालातला कामाचा रकाना

माझी सून मला काही करू देत नाही. "आई, तुम्ही बसा," म्हणते आणि हातातले मटार काढून घेते. ती खाली भाजीला गेली की मी सगळे सोलून टाकते आणि टीव्ही बघत बसल्याचं सोंग करते. पण तिला बोलायला मला तोंड नाही. हेच "बस" मी एका मुलीला सहा वर्षं म्हणत होते.

तेव्हा मी अंधेरीच्या एका सरकारी कार्यालयात अधीक्षक होते. केसांना कलप, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि आपण फार प्रेमळ आहोत अशी पक्की समजूत. दिव्यांगांच्या राखीव जागेवर ती लिपिक म्हणून आली. जन्मापासून दिसत नव्हतं, पण घाटकोपरहून एकटी यायची, आमच्या सगळ्यांच्या आधी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मला टायपिंग येतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तेवढं टाकून द्या."

"टाकू गं. आधी बस तू. दमली असशील."

तिच्या अर्जावर मी 'निधी उपलब्ध झाल्यावर' असा शेरा मारला आणि फाईल बांधली. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे मला फार उशिरा कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं. राखीव जागा भरली होती, वरून विचारणा थांबली होती; तिला काम दिलं की नाही, हे कोणी बघणार नव्हतं. मी तिला डब्यातला शिरा द्यायचे. महिला दिनाला पहिल्या रांगेत बसवून शाखेच्या संवेदनशीलतेवर भाषणही ठोकलं. काय ते माझं ध्यान!

मग वरिष्ठ लिपिकाच्या बढत्या निघाल्या. तिच्या मागून लागलेले दोघं वर गेले, ती राहिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"माझे गोपनीय अहवाल वाचून दाखवा ना मॅडम. मला दिसत नाही, माहितीये ना तुम्हाला."

मी वाचायला लागले. वर्तन चांगलं. स्वभाव मनमिळाऊ. उपस्थिती नियमित.

"आणि कामाचा रकाना?"

"तिथे काही नाही लिहिलेलं."

"सहाही वर्षं?"

"हो गं."

"कोणी लिहायचा होता?"

अख्खी शाखा खाली मान घालून कामात होती. मी म्हटलं, "तुला त्रास नको म्हणून..."

"त्रासच पाहिजे होता, मॅडम. पगार घरबसल्या नव्हता मागितला." मग थांबून म्हणाली, "मी अपील करतेय. त्यात तुमचं एक वाक्य लागेल. हिला काम दिलं गेलं नाही, एवढंच. द्याल ना लिहून?"

"बघते," म्हणाले.

निवृत्तीला आठ महिने होते. ते वाक्य लिहिलं असतं तर चौकशी माझ्यावर आली असती, पेन्शन अडकली असती. मी तिच्या टेबलाजवळून जायचं टाळू लागले, लांबच्या दाराने जायचे. तिला चपलांवरून पावलं ओळखता यायची, म्हणून महिनाभर नव्या चपला घातल्या. हे कोणाला सांगितलेलं नाही.

अपील फेटाळलं गेलं. कारण एका ओळीचं होतं: पुरावा नाही. निरोपसमारंभात ती आली, मला गुलाब दिला आणि हळूच म्हणाली, "नव्या चपलाही आवाज करतात हं, मॅडम."

गेल्या आठवड्यात कळलं की ती अजून लिपिकच आहे. तिला काम दिलं गेलं नाही. मी दिलं नाही. हे वाक्य आज लिहून झालं, आणि आता ते जोडायला अपील नाही.