माझा सोमवारचा तास

बाळांनो, तुमच्या आजीला कधी कुणाचा हेवा वाटला असेल, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटला होता, आणि चांगली दोन वर्षं वाटत राहिला.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात जाहिरातकलेच्या मुलांना इंग्रजी शिकवत असे. सोमवारचा एक तास माझ्या खास आवडीचा होता. आपलं डिझाइन परीक्षकांपुढे इंग्रजीत कसं मांडायचं, हे त्यात शिकवायचं. भाषणाचा आराखडा मी फळ्यावर लिहून द्यायची: आधी उद्देश, मग रंग, मग अक्षरं, शेवटी आभार. मुलं पाठ करायची. उच्चार मी एकेकाकडून घोटून घ्यायची.

मग अक्षरलेखन शिकवायला एक सर आले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले, इंग्रजीच्या वाटेला कधी न गेलेले. ते मुलांना आपापली चित्रं घेऊन बाजारात न्यायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायचे. "पावणं, हे बघून काय घ्यावंसं वाटतंय काय?" माणूस "न्हाय" म्हणाला की मुलांकडे वळायचे. "आता पटवा की ह्यांस्नी!" मुलं घसा बसेपर्यंत बोलून, हसत परत यायची. माझ्या तासाला जांभया द्यायची.

वार्षिक परीक्षणाला बाहेरगावचे परीक्षक आले. आजऱ्याची एक मुलगी, माझी सर्वांत लाडकी, काजूच्या पाकिटाचं डिझाइन घेऊन उभी राहिली. भाषण बिनचूक झालं. माझी मान ताठ. परीक्षकांनी विचारलं, "पण पाकीट काळं का?"

हे आराखड्यात नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मागून सर म्हणाले, "अगं, बाजारात त्या भाजीवालीला काय सांगितलंस? तेच सांग की!"

ती परीक्षकांना मराठीत सांगू लागली. "सर, काजू फोडताना टरफलाच्या तेलानं बायकांचे हात काळे पडत्यात. गर मात्र पांढराच ऱ्हातोय. म्हणून काळ्यावर पांढरा काजू काढला. माझी आई फोडती."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पहिला नंबर तिला मिळाला. ती सरांच्या पाया पडली. मला "थँक यू, मॅडम" म्हणाली, अगदी शुद्ध उच्चारात.

आठवड्याभराने प्राचार्यांनी मला बोलावलं. "पुढच्या वर्षी तुमचा सोमवारचा तास सरांना द्यावा म्हणतो. तुमचं काय मत?" मी तयारीनेच गेले होते. सरांकडे नसलेली पदवी, विद्यापीठाचा अभ्यासक्रम, मोठ्या शहरातल्या नोकऱ्यांना लागणारं इंग्रजी. तीन मुद्दे क्रमाने मांडले, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. तीन वर्षांत त्या मुलीला 'तुझी आई काय करते' एवढंही मी विचारलं नव्हतं, ते मात्र सांगितलं नाही. तास माझ्याकडेच राहिला.

सर जिन्यात भेटले. "बरं झालं, मॅडम. पोरांना म्हमईत इंग्रजी लागणारच की. मला कुठलं जमतंय ते?"

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. मी नुसती मान हलवली आणि वर्गात गेले.