धैर्यशीलरावांनी गाडीला खोबरेल लावलं

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या मराठी मंडळींत कुणाचा मिक्सर बिघडला, की तो आधी धैर्यशील मोकाशींकडे जातो आणि मग दुकानात. मधला टप्पा टाळता येत नाही. टाळला तर मोकाशी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर होतात. वय सत्तावन्न, नोकरी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत, आणि आत्मविश्वास पुण्याहून निघताना होता तेवढाच.

जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, त्यांच्या बायकोची, मुग्धाताईंची, गाडी वॉरंटच्या, म्हणजे रस्त्यावर चालवायला ठीक असल्याच्या दाखल्याच्या, तपासणीत नापास झाली. हेडलाइटच्या काचा पिवळट, धुरकट झाल्या होत्या. जुनं वॉरंट सोमवारी संपत होतं. मुग्धाताई डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. सकाळी सहाला काळोखात निघतात.

"अहो, काल कचऱ्याचा डबा मला दिसला तेव्हा तो बंपरला टेकला होता. सरळ गॅरेजमध्ये देऊ."

"गॅरेजमध्ये? मी जिवंत असताना?"

"ठीक. पण सोमवारी पुन्हा नापास झाली, तर यापुढे माझ्या गाडीत तुम्ही फक्त बसायचं. हत्यारं लावायची नाहीत."

घाव वर्मी बसला. गुरुवारी संध्याकाळी धैर्यशीलरावांनी हीटरजवळची खोबरेलाची बाटली उचलली आणि दोन्ही दिव्यांना सढळ हाताने तेल चोळलं. काचा अशा लखलखल्या, की त्यांनी लगेच फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "घरगुती उपाय." सोळा अंगठे आले.

रात्री पारा शून्याखाली गेला. थंडीत खोबरेल गोठतं, हे चौथीतलं पोरही सांगेल. स्वतः धैर्यशीलराव दर रविवारी ती बाटली गरम पाण्यात उभी करतात. पण हे ज्ञान डोक्यापुरतं होतं, गाडीपर्यंत पोचलं नव्हतं.

सकाळी बाहेरून हाक आली. "अहो! पिकलेला मोतीबिंदू बघायला या."

दोन्ही दिव्यांवर पांढरी साय धरली होती. धैर्यशीलराव नाइट ड्रेसवर जॅकेट आणि पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा अवतारात वीस मिनिटं कोमट पाण्याने ती पुसत होते.

शनिवारी दुपारी मुग्धाताईंनी सूत्रं हाती घेतली. पाण्याची बादली, चिकटपट्टी आणि तीन पॉलिश पेपर, खरखरीत ते मऊ, क्रमाने ट्रेमध्ये मांडले. "डावा तुमचा, उजवा माझा. एक कागद पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही."

पहिल्या कागदाने काच आणखीच पांढरी झाली. आयुष्यात प्रथमच धैर्यशीलरावांचा चेहरा पडला.

"मुग्धा, बिघडली गं! यापेक्षा तेल बरं होतं."

"घासा. ऑपरेशन अर्ध्यावर सोडून डॉक्टर चहाला जातात का?"

"पण पेशंट गेल्यासारखा दिसतोय."

"तुम्ही बोलताय म्हणून घाबरलाय. घासा."

घासले. दुसऱ्या कागदाला दुधी रंग उतरला, तिसऱ्याला आतला बल्ब दिसू लागला, पॉलिशने काच नितळ झाली. शेवटी उन्हापासून जपणारा लेप एका हाताने, एका दिशेने. तोवर धैर्यशीलरावांना कंठ फुटला होता आणि ते शेजाऱ्याला कुंपणावरून पद्धत समजावत होते.

सोमवारी तपासनीस दिव्यांसमोर वाकला, उजेड पाहिला आणि म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे तिथल्या बोलीत एकदम झकास. नवं वॉरंट गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला हॉस्पिटलच्या पार्किंगमधून मुग्धाताईंचा फोन आला.

"पोचले. रस्ता अगदी लख्ख दिसला. वळणावर एक मांजराएवढा पॉसम आडवा आला, पण लांबूनच दिसला. वाचला बिचारा."

धैर्यशीलराव अंथरुणात ताठ उठून बसले. "कुठल्या बाजूने आला?"

"डाव्या."

"बघ!" धैर्यशीलराव ओरडले. "डावा माझा!"