गुप्तहेराच्या बायकोचं नाव

मेलेल्या लेखकाचा गुप्तहेर उचलून त्याच्यावर नव्या कादंबऱ्या पाडणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आहे. आयत्या बिळावर नागोबा. स्वतःचा नायक उभा करता येत नसेल तर माणसाने खानावळ काढावी. मूळ लेखकाच्या मुलाने परवानगी दिली म्हणे. मुलाचं काय जातंय, तो देणारच.

हा गुप्तहेर माझ्या वडिलांचा होता. काळाचौकीच्या चाळीत, मिलमधली पाळी संपवून आले की ते गॅलरीत बसून त्याच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायचे आणि शेवटचं प्रकरण मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवायचे. मग सकाळी नळावर खुनी कोण यावरून वाद पेटायचे. पुढे मिल गेली, वडील गेले, चाळीच्या जागी टॉवर आला. तो गुप्तहेर तेवढा होता तसा राहिला होता. त्याला कोणी हात लावू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

नव्या लेखकाने हात लावलाच. गिरगावातलं ऑफिस बंद करून त्याला परळच्या काचेच्या इमारतीत बसवला, हातात मोबाइल दिला, गुडघेदुखी दिली. कहर म्हणजे बायको. मूळ कादंबऱ्यांत तिला नावच नाही. ती नुसती 'सौ.', चहा आणून ठेवते आणि आत जाते. याने तिला नाव दिलं, पोस्टात नोकरी दिली आणि पुढच्या पुस्तकात खुनीसुद्धा तिच्याकडूनच शोधून घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि आमची आई हीच पुस्तकं आवडीने वाचत होती. वडील वाचायचे तेव्हा ती आत स्टोव्हपाशी असायची. मला वाटायचं, तिला त्यातलं काही ऐकू येत नसेल. आता ऐंशीच्या घरात, हातात भिंग घेऊन ती दुपारभर वाचत बसते. मी जुनी कादंबरी पुढे केली, तर म्हणाली, सगळ्या ऐकल्यात. मला ती सरळ फितुरी वाटली.

दादरला नव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. मी भांडायच्या तयारीनेच गेलो. आई सही घ्यायला म्हणून बरोबर आली. भाषणं संपल्यावर मी उभा राहिलो आणि विचारलं, दुसऱ्याने घडवलेल्या बाईचं नाव ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मागून टाळ्या पडल्या. लेखक काहीतरी गुळमुळीत बोलला. मला फार बरं वाटलं.

मी खाली बसलो, तेव्हा माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "लग्नात माझां नाव बदललां, तेव्हा माका कोणी इचारल्यान?"

ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं व्हायचं. आधीचं नाव काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. नवं नावही वडिलांनी तांदळात लिहिलं तेवढंच. पुढे जन्मभर ते तिला 'अगं' म्हणाले.

सहीच्या रांगेत लेखकाने मला ओळखलं, तरी तोंडावरचं हसू सोडलं नाही. पुस्तक उघडून त्याने विचारलं, "आजी, नाव काय लिहू?" मी सवयीने आईचं नाव सांगून मोकळा झालो. तिने माझा दंड धरून मला मागे सारलं, टेबलावर वाकली आणि त्याच्या कानाशी हळूच काहीतरी सांगितलं. त्याने ते लिहिलं.

माझं मत बदललेलं नाही. तो माणूस बांडगूळ आहे आणि पुस्तक भिकार आहे. टॅक्सीत आईने ते मांडीवर पहिल्याच पानावर उघडं धरलं होतं, शाई कधीच वाळली होती तरी. मी वाकून ते नाव वाचलं. माझ्या आईचं नाव मला त्या माणसाच्या अक्षरात कळलं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.