कोपऱ्यातले पॅसेंजर

मृत्यूच्या उंबरठ्यापलीकडून आलेल्या माणसांसोबत मी दोन वर्षं एका घरात काढली आहेत. त्यांचा त्रास म्हणाल तर एवढाच, की त्यांच्यापायी माझे वडील जेवायचे नाहीत.

आधीच सांगतो — भूत, भानामती यांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. आमचं घर बौद्ध. घरातले देव बाबूजींनी स्वतःच्या हातानं नदीत सोडलेले. ते तिगाव स्टेशनवरून रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून रिटायर होऊन पांढुर्ण्याला राहत होते, मी तिथूनच ये-जा करून सौंसरच्या शाळेत मास्तर. गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची.

आधी बाबूजींचा हात थरथरू लागला, पावलं आखूड पडू लागली. मग एका संध्याकाळी त्यांनी ताट सरकवलं. "एवढे पॅसेंजर ताटकळून राहिले, अन् मी जेवू?"

कोपऱ्यात रिकामी पोती होती आणि खुंटीवरचे कपडे. बाबूजींना तिथे सात-आठ माणसं दिसत होती. बोलत कोणीच नसे... नुसती गाडीची वाट पाहत बसलेली.

दुसऱ्या दिवशी बाबूजी अगदी शाबूत. पेपर वाचायचे, माझ्या हेडमास्तरची टिंगल करायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा पॅसेंजर, पुन्हा उपास. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबू लागला.

शेजारचे भाऊ म्हणाले, "भगताले दाखवा, बाहेरचं हाय." उत्तर बाबूजींनीच दिलं. "भूत नसतेच ना. मंग हे भूत कसे असतीन? पॅसेंजर हायेत."

इतका चोख तर्क मी कॉलेजातही ऐकला नव्हता.

मग डॉक्टर. ते आठवड्यातून एकदा नागपूरहून यायचे आणि त्यांच्या पाटीवर डिग्र्या इतक्या होत्या की नाव शोधावं लागे. त्यांनी पाऊण मिनिटात 'वेड' ठरवलं आणि इंजेक्शन टोचलं. पॅसेंजर गेले. बाबूजीही गेल्यासारखेच — चार दिवस लाकडासारखे ताठ, पाण्याचा घोट उतरेना. पुढच्या आठवड्यात डॉक्टर दुसरी सुई भरू लागले, तशी माय आडवी आली.

"मावशी, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुमीच जी. पण चार दिवस चमच्यानं पाणी मी पाजलं. सुई नाही."

या आजाराला लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी मेंदूच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तसल्या औषधानं असा रोगी दगावूही शकतो, हेही. "तुमच्या आईला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही. माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. ती फक्त नीट बघायची.

पॅसेंजर दिवेलागणीला आणि त्याच कोपऱ्यात येतात, हे तिनं हेरलं. पोती हलवली, खुंट्या उपटल्या, भिंतीला चुना मारला, शंभरचा बल्ब लावला. गर्दी निम्मी झाली. उरलेल्यांशी तिनं वाद घातला नाही. "तिथं कोणी नाही" हे मी म्हणायचो. बाबूजी दुखावायचे आणि ताट तसंच राहायचं. माय दारात उभी राहून तीस वर्षं स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ऐकलेल्या थाटात पुकारायची, "चला जी, नागपूर पॅसेंजर येऊन राहिली! सामान घ्या आपापलं!" बाबूजी कोपऱ्याकडे बघत, मान डोलवत आणि जेवायला बसत.

एकदा माय लोधीखेड्याला बहिणीकडे गेली होती. घरात मी एकटा. दिवेलागण झाली, कोपरा भरला आणि बाबूजींनी ताट सरकवलं. बी.एड. झालेला माणूस दारात उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "चला... नागपूर पॅसेंजर..."

"असं नाही ना बे," बाबूजी म्हणाले. "जोरानं बोल. मागं म्हातारी बसली हाय, तिले आयकू येत नाही."

मी ओरडलो. समोरच्या ओसरीवरचं कुत्रं उठून बसलं. बाबूजींची नजर कोपऱ्यातून निघाली, हळूहळू दाराकडे सरकू लागली — एक, दोन, तीन...

आणि मी बाजूला झालो. चौकटीला पाठ लावून वाट दिली. म्हातारीसाठी जरा जास्त वेळ थांबलो. झुळूक आली नाही, काटा आला नाही, काही दिसलं नाही. तरी मी बाजूला का झालो, याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही.

बाबूजी दोन भाकरी जेवले आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले.