अर्जातले अध्यक्ष

आमच्या छोट्या धर्मादाय न्यासाकडे पळसदरीच्या वरच्या एका ठाकरवाडीतील महिला गटाचा अर्ज आला होता. नाचणी-वरीचे जुने बियाणे जपण्यासाठी त्यांना पक्की कोठी हवी होती. ‘अध्यक्षांचे नाव’ या रकान्यात त्यांनी ‘वाघदेव’ असे लिहिले होते आणि सहीच्या जागी शेंदराचा ठिपका होता. सहकारी अर्ज फेटाळण्याच्या विचारात होते. मला मात्र कुतूहल वाटले, म्हणून मी वाडीवर गेलो.

“अध्यक्ष माणूस नको का?” मी विचारले.

गटातील एक वयस्क बाई म्हणाली, “मानूस केला व्हता, बाबा. ही माझी जाऊ अध्यक्ष झाली, आन् पानी भरायलाबी जाईना!”

“तू झाली असतीस तर उठलीच नसतीस गं,” जाऊ म्हणाली.

सगळ्या खळखळून हसल्या. मग त्या बाईने टेकडीवरच्या वाघदेवाच्या शेंदरी दगडाकडे बोट दाखवले. “त्यो वरनं समद्यांवर नजर ठेवतो. त्याच्या बियान्याला कोन हात लावल?”

मी चकित झालो. संस्कृतात ‘अध्यक्ष’ म्हणजे मुळात देखरेख करणाराच. संस्कृतचा शिक्षक म्हणून जन्मभर तो शब्द शिकवूनही मी त्याला सभेच्या खुर्चीत बसवून ठेवले होते.

न्यासाच्या बैठकीत मी हे सारे निवेदन केले आणि कोठी मंजूर झाली. कायद्यापुरती माणसाची सही मात्र आवश्यकच होती. तेव्हा दोघी जावांनी ‘अध्यक्षांकरिता’ असे लिहवून घेतले आणि त्याखाली आपापले अंगठे उमटवले.