बासिलीसा मावशीला नाकारलेलं वैधव्य

माझी थोरली मावशी बासिलीसा एकोणपन्नास वर्षं विधवा होती, आणि सरकारी कागदावर एक दिवसही नव्हती. आठवलं की अजून तिडीक जाते डोक्यात.

छत्तीस सालचा ऑगस्ट. स्पेनमध्ये यादवी पेटून महिना झाला होता, आमच्या वाल्देकोर्सा गावात मळणी चालू होती. तिच्या नवऱ्याला, एलादिओला, भर खळ्यावरून उचलून नेलं. गुन्हा काय, तर मजूर संघटनेची यादी त्याच्या अक्षरात होती. बाकीच्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं लिहिली! नेणारे परके नव्हते. आमच्याच गावची पोरं, फॅसिस्टांचे निळे सदरे घातलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीचं डोकं भादरलं, एरंडेल पाजलं आणि वाजतगाजत चौकातून फिरवलं. खिडक्यांतून लोक बघत होते. काही हसतही होते.

तिनं विधवेचे काळे कपडे घातले, तर दोन दिवस कोठडीत टाकलं. मृत्यूचा दाखला मागायला गेली, तर कचेरीतला कारकून ओनोरिनो म्हणाला, "मेला कशावरून? पळाला असेल एखादीबरोबर. तुझं तोंड बघून मीही पळालो असतो." वहीत त्यानं लिहिलं, 'घर सोडून गेला.' पुढे तो मानानं निवृत्त झाला, आणि मावशी नदीवर लोकांचे कपडे धूत राहिली. त्यात त्याच्याही घरचे.

त्र्याऐंशी साली माद्रिदहून सिनेमावाले आले. सिनेमा त्याच युद्धावरचा. म्हाताऱ्या बायका हव्या होत्या त्यांना. दिग्दर्शकानं मावशीच्या हातात काळी शाल दिली.

"आजी, तुमचा नवरा मारलाय असं समजा, आणि रडा."

"कुणी मारलाय?"

"ते दाखवायचं नाहीये. फक्त दुःख दाखवायचंय."

"माणूस मेला आणि मारणारा कुणीच नाही? वीज पडली काय त्याच्यावर?"

दिग्दर्शक हातातले कागद चाळू लागला. बघायला आलेला गावचा महापौर मात्र पुढे सरसावला. "बासिलीसा, जुनी मढी कशाला उकरतेस आता?"

"उकरू कुठे दिलीत रे तुम्ही!" मावशी कडाडली. "कुठे पुरलीत, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सिनेमा या पोरांचा होऊ दे. मी माझा माणूस आणायला चालले."

शाल खुर्चीवर टाकून ती निघाली. घरून कुदळ घेतली आणि सरळ रस्त्याकडेच्या पॉप्लरच्या झाडांखाली जाऊन खणायला लागली. वय पंचाहत्तर! मी धावले, तिच्या हातून कुदळ घेतली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांतली माणसं फावडी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी अकरा सांगाडे सापडले. तरुणपणी खेचरावरून पडून एलादिओचा डावा हात मोडला होता, तो वाकडाच जुळला होता. मावशीनं त्या हाडावरून बोट फिरवलं. "हा माझा," म्हणाली.

अकराही जणांना आम्ही गावच्या दफनभूमीत नेलं. वहीतली नोंद दुरुस्त करायला गेलो, तर नवा कारकून म्हणतो, "गोळी घालताना पाहिलेले दोन साक्षीदार आणा."

साक्षीदारांना काय तोटा? रोज दुपारी चौकातल्या गुत्त्यात पत्ते कुटत बसायचे. मावशी तिथे गेली, एकेकाचं नाव घेऊन विचारलं, "येतोस का सांगायला?" सगळ्यांनी हातातल्या पानांत डोकी खुपसली. एक निर्लज्ज तर म्हणाला, "हुकूम कुणाचा रे?"

दोन वर्षांनी मावशी गेली. आम्ही तिला एलादिओच्या शेजारी ठेवलं. त्यासाठी कुणाचा दाखला मागितला नाही.