मुहूर्ताच्या डाळिंबाचा माग

चतुराबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. मी त्यांच्या हातांचे नमुने घ्यायला गेले होते आणि त्या मलाच म्हणाल्या, "आधी तुमचे हात धुवा, मॅडम. आमच्या पद्धतीनं."

त्यांची पद्धत म्हणजे साबण लावून जात्यावरची एक अख्खी ओवी म्हणायची आणि ती संपेपर्यंत नळाला शिवायचं नाही. सातपूरच्या त्या कारखान्यातून डाळिंबाचे दाणे गोठवून परदेशी जातात. तिथल्या साठ बाया दहा वर्षं चतुराबाईंच्या ओवीवर हात धुतायत. मी जंतूंचं शास्त्र शिकलेली, पण मुकाट्यानं ओवी म्हटली.

झालं होतं असं, की डेन्मार्क आणि जर्मनीत मिळून एकतीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. तिकडच्या लोकांनी रुग्णांमधल्या जंतूंच्या कुंडल्या मांडल्या, तर दोन्ही देशांतल्या छत्तीसच्या छत्तीस गुणांनी जुळल्या! माग काढत ते डाळिंबाच्या पाकिटांपर्यंत आले आणि तिथून थेट सातपूरला. तिकडून आलेल्या पत्रात संशय एकच होता, कामगारांचे हात; तो तपासायलाच मला पाठवलं होतं. मालक महेशराव तर निकाल देऊन मोकळे झाले होते. शनिवारी माझ्या अहवालात हात दोषी ठरले की साठही बाया घरी आणि ठेकेदाराची माणसं आत.

हात स्वच्छ निघाले. पट्टा स्वच्छ, धुण्याच्या टाकीतलं पाणीही स्वच्छ. शुक्रवारी दुपारपर्यंत मी एवढी चिडले होते की डबासुद्धा उघडला नाही. पत्र पुन्हा वाचायला घेतलं. आजारी पाडणारी सगळी पाकिटं एकाच दिवसाच्या मालातली होती, दोन ऑक्टोबरच्या.

अरे, गांधीजयंती! त्या दिवशी कारखान्याला कुलूप असतं. मग हा माल केला कोणी? मी जवळजवळ धावतच महेशरावांच्या खोलीत शिरले.

"गेल्या वर्षी दसराही त्याच दिवशी होता ना," ते म्हणाले. "यंत्रांची पूजा झाली, मुहूर्ताला तासभर पट्टा फिरवला. दोनशे किलो दाणे निघाले असतील, फार नाही."

"पूजा कोणी केली?"

"दर वर्षी चतुराबाईच करतात."

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याची लाजही वाटत होती. पट्ट्याजवळ चतुराबाई डोक्याला टोपी बांधत होत्या. मी विचारलं, "बाई, पूजा झाल्यावर कलशातल्या पाण्याचं काय केलंत?"

काय करणार? मलाही ठाऊक होतं, आंब्याच्या डहाळीनं सगळीकडे शिंपडतात. माझ्या आईनंही आयुष्यभर हेच केलं. पण चतुराबाईंना प्रश्न कळायला क्षणही लागला नाही. त्या क्रेटवर बसल्या.

"पट्ट्यावर शिंपडलं," त्या म्हणाल्या. "दाण्यांवर. धुऊन झाल्यावर."

"पाणी कुठलं?"

नळाचं म्हणाल्या असत्या, तर माझ्या बापालाही पत्ता लागला नसता.

"आमच्या आळीच्या विहिरीचं. पूजेला नळाचं कसं चालंल? घरून कळशी भरून आणली व्हती. लिहा मॅडम, माझं नाव लिहा. पन बायांचे हात चोख हायेत, ते पहिलं लिहा."

मी महेशरावांकडून दहा दिवस मागून घेतले आणि त्याच संध्याकाळी त्र्यंबक रस्त्यावरच्या चतुराबाईंच्या गावात जाऊन विहिरीतून बाटल्या भरल्या. नवव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला. विहिरीतला जंतू तोच होता, तिकडच्या एकतिसांमधला! मी खुर्चीतून उठले ती सरळ गाडीत बसले.

बायांची जेवणाची सुट्टी चालू होती. "तुमच्या बाया सुटल्या!" मी दारातूनच चतुराबाईंना ओरडून सांगितलं. काय तो गलका! नवसाबाई नावाच्या एका आजीनं माझी अलाबला घेतली. महेशरावांनीही सगळ्यांसमोर सांगितलं, चतुराबाई कुठं जात नाहीत, फक्त पुढच्या दसऱ्याला पूजा दाराबाहेर.

चतुराबाई हसत होत्या, रडतही होत्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं,

"मॅडम, त्यो जंतू विहिरीत कधीपासून हाय?"

"सांगता येणार नाही. कित्येक वर्षं असू शकेल."

"आमच्या आळीतली पोरं दर पावसाळ्यात जुलाबानं लोळत्यात. माझी नात त्यातच गेली. तिकडची एकतीस मानसं आजारी पडली, तं एवढी शोधाशोध झाली. आमच्याकडं बाटली घेऊन आजवर कोनी आलं नाय."

मी गाडीकडे गेले. गाडीत सहा रिकाम्या बाटल्या शिल्लक होत्या, तेवढ्या काढून आणल्या.

"गावात अजून किती विहिरी आहेत?"

"तीन," चतुराबाई म्हणाल्या आणि टोपी सोडून माझ्याबरोबर निघाल्या.